दोन जणांची नोंद

वीस ऑगस्टला शुक्रवार होता. माझी शिफ्ट दीडला संपली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी मी घरी पोचलो. गाडी आत घेतली, बूट दारात काढले, हात धुतले. इकडे ऑगस्टात हिवाळा असतो; मागच्या खोलीत ऊन येतं, तिथे माझी बायको शैला खुर्चीत बसली होती. मांडीवर परात होती. मेथीची अर्धी जुडी निवडून झालेली, अर्धी तशीच. तिला डुलकी लागली असावी असं वाटलं. चष्मा नाकावरून खाली घसरला होता. तो वर सरकवायला गेलो, तेव्हा कळलं.

अँब्युलन्समधून दोघं आले. दोघांच्या अंगात प्लास्टिकचे झगे, तोंडावर काचेसारखी ढाल. त्यांनी बरंच काही करून पाहिलं. त्यातला धाकटा मला म्हणाला, "सॉरी, मेट." मग त्याने विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत ही कुठे बाहेर गेली होती का. मी म्हणालो, "नाही. घरीच असते."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेस्टचा निकाल आला. तिला कोविड होता.

माझी टेस्ट निगेटिव्ह आली. तरी मला चौदा दिवस घरात राहायचं होतं. शैलाचे अंत्यसंस्कार आठव्या दिवशी झाले आणि ते मी फोनवर पाहिले. आमची मुलगी ईशानी शेजारच्या राज्यात, क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. क्वीन्सलँडची सीमा बंद होती, त्यामुळे तिनेही फोनवरच पाहिले. माझा फोन सात वर्षांचा जुना. भटजींनी हातात पाणी घेतलं आणि चित्र तिथेच अडकलं. पुढे चालू झालं तेव्हा हॉल रिकामा होता आणि एक माणूस खुर्च्या पुसत होता.

संध्याकाळी ईशानीचा फोन आला.

"बाबा, तुला आई दिसली तरी का शेवटची?"

"दिसली की."

"खोटं बोलू नकोस. तुझा फोन अडकला होता, मला इकडे स्क्रीनवर दिसत होतं. I'm ordering you a new one."

"चालतोय ना हा."

"काय चालतोय? आई दोन वर्षं सांगत होती, फोन बदल म्हणून."

ते खरं होतं. पण फोन बदलायचा की नाही हा प्रश्न तेवढ्यापुरता नव्हता, आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितो.

मी लिफ्टची देखभाल करतो. पॅरामॅटाच्या ऑफिसांच्या इमारतींमध्ये अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय. लॉकडाउनमध्येही मला परवाना होता, कारण इमारती रिकाम्या असल्या तरी लिफ्ट तपासाव्याच लागतात. घर पेंडल हिलला. स्टेशनजवळ विनयभाईचं किराण्याचं दुकान आहे. आमचा सगळा बाजार तिथला.

त्या काळात दुकानाच्या दारावर चौकोनी कोड चिकटवलेला असायचा. फोनने तो स्कॅन करायचा, की सरकारच्या अ‍ॅपमध्ये आपली नोंद व्हायची: दुकान कुठलं, आत किती वाजता गेलात, किती जण आहात. बाहेर पडताना बटण दाबलं की बाहेर पडल्याची वेळ. शैला बाहेर जाताना फोन न्यायची नाही. पर्स जड होते म्हणायची. म्हणून माझ्या अ‍ॅपमध्ये "सोबत कोण" या यादीत मी तिचं नाव घालून ठेवलं होतं. दुकानात शिरताना तिच्या नावापुढे खूण केली की दोन जणांची नोंद व्हायची.

जुलैत डेल्टा पसरला आणि आमच्या भागात नियम कडक झाले. बाजाराला एका घरातून दिवसाला एकानेच जायचं. मोडलं तर दंड. पोलीस घोड्यावरून फिरायचे, वर हेलिकॉप्टर.

आठ ऑगस्टला दिव्याची अवस होती. शैला दर वर्षी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायची आणि कणकेत गूळ घालून त्याचे दिवे उकडायची. मी आदल्या आठवड्यात गूळ आणला होता. तो चिक्कीचा निघाला.

"अहो, हा काय गूळ आहे? दिवे दगडासारखे होतील. तुम्हाला गूळ कळत नाही."

"गुळात काय कळायचंय?"

"तेच तर. मी येते उद्या. गाडीत बसून राहीन, तुम्ही बाहेर आलात की मी आत जाईन."

पण शनिवारी सकाळी दुकानाजवळ रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती. बाईमाणूस गाडीत एकटं बसलेलं दिसलं तर येऊन विचारतील, असं मला वाटलं. मी तिला म्हणालो, मी आत जातो, तू पाच मिनिटांनी ये, आपण ओळख दाखवायची नाही. तिला त्याची मोठी गंमत वाटली. मी दारावर कोड स्कॅन केला. "सोबत कोण" मध्ये तिच्या नावापुढे खूण केली नाही. एक जण.

ती आली. मी तांदळाच्या पोत्यांपाशी होतो. माझ्या मागून जाताना ती हळूच म्हणाली, "एक्स्क्यूज मी, अंकल." मला हसू आवरेना. मग ती गुळाच्या फळीपाशी दहा मिनिटं उभी होती. प्रत्येक ढेप दाबून पाहत होती. शेजारी दुकानातला एक कामगार खाली बसून डबे लावत होता आणि मास्कच्या आत खोकत होता.

बुधवारी, अकरा तारखेला, मला फोन आला. बाई चांगली बोलत होती. शनिवारी त्या वेळी त्या दुकानात एक बाधित माणूस होता, तुम्ही टेस्ट करून घ्या, निगेटिव्ह आली की कामावर जाता येईल. मग तिने विचारलं, "तुमच्या सोबत कोणी होतं का?"

मी म्हणालो, "नाही. एकटाच होतो."

मी टेस्ट करून आलो. घरी आल्यावर शैलाने विचारलं, "मग मीही जाऊन येऊ का? घसा जरा खवखवतोय."

"हिवाळ्याचा घसा आहे," मी म्हणालो. "आणि तिथे गेलीस की विचारणार, त्या दुकानात होतात का. काय सांगशील? कागदावर तू तिथे नव्हतीसच."

ती हसली. म्हणाली, "बरं बाई, नव्हते."

तिच्या लसीच्या दुसऱ्या डोसची तारीख तेवीस ऑगस्ट होती.

एवढंच असतं तर ते माझ्यापाशी राहिलं असतं. पण शेजारी चित्रा राहते. पन्नाशीची, एकटी, वृद्धाश्रमात नोकरी करते. शैलाची मैत्रीण. चौदा तारखेला ती मागच्या अंगणात आमच्याकडे चहाला आली होती. एकोणीसला तिच्या नोकरीवरच्या टेस्टमध्ये ती पॉझिटिव्ह निघाली. तिला थोडा ताप आला आणि ती बरी झाली. आणि शैला गेली.

ईशानीने तारखा जुळवल्या. "चित्रामावशीच, बाबा. दुसरं कोण? आई तर घरातून हललीच नव्हती. It's obvious."

मी गप्प राहिलो. गप्प राहिलं की त्याचा अर्थ 'हो'च होतो, हे मला त्या वेळीही कळत होतं.

चार सप्टेंबरला मी घराबाहेर पडू शकलो. सोमवारी, सहा तारखेला, बाजाराला गेलो. दारावर कोड स्कॅन केला. हिरवी खूण आली. खाली लिहिलं होतं: दोन जण.

मी तिथेच उभा राहून यादी उघडली. शैलाच्या नावापुढे खूण होती. सवयीने अंगठा लागला असेल असं म्हणून मी ती काढली आणि तिचं नाव यादीतून पुसून टाकलं. पुसताना अ‍ॅप विचारतं, नक्की का. मी हो दाबलं. पुन्हा स्कॅन केलं.

दोन जण.

विनयभाई दारात आला. त्याला शैलाचं कळलं होतं. "अंकल, रहने दो स्कॅन-विन. आप अंदर आओ." त्याने मला पाणी दिलं. मी डाळ, तांदूळ, दूध घेतलं आणि बाहेर पडलो. बाहेर पडल्याचं बटण दाबलं. माझ्या नावापुढे वेळ आली. तिच्या नावापुढे नाही.

मी घरी येऊन अ‍ॅप नीट तपासलं. जुना फोन, जुनं सॉफ्टवेअर, असं होऊ शकतं. त्या अ‍ॅपमधल्या नोंदी अठ्ठावीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. यादीत तीन ऑगस्ट नव्हती, पाच नव्हती. अठ्ठावीस दिवस होऊन गेले तरी सात ऑगस्ट होती. शनिवार, दहा वाजून वीस मिनिटं, विनयभाईचं दुकान. मी तिथे एक जण लिहिलं होतं. आता तिथे दोन होते. माझी बाहेर पडल्याची वेळ दहा एकेचाळीस. शैलाची जागा कोरी.

पुढचे पंधरा दिवस मी जिथे जाईन तिथे असंच झालं. औषधाचं दुकान, पोस्ट, पेट्रोल पंप. ती माझ्या सोबत आत जायची आणि कुठूनच बाहेर पडायची नाही.

मी कामावर परत गेलो. पॅरामॅटाची एक बारा मजली इमारत आहे. लॉकडाउनमुळे तिथे कोणीच नव्हतं, फक्त खाली एक सिक्युरिटीवाला. मी दारावर स्कॅन केलं, दोन जण आले, त्याकडे पाहिलं नाही. लिफ्टची तपासणी सुरू केली.

लिफ्टच्या पिंजऱ्याखाली वजन मोजणारा सेन्सर असतो. जास्त माणसं चढली तर तो लिफ्ट थांबवतो. तपासताना आम्ही हातातलं यंत्र जोडून आकडा वाचतो. माझं वजन एकाहत्तर किलो. हत्यारांची पिशवी बारा. मी पिशवीसकट आत उभा राहिलो. त्र्याऐंशी यायला हवेत.

एकशे एक्केचाळीस आले.

मी सेन्सर शून्यावर आणला आणि पुन्हा आत गेलो. एकशे एक्केचाळीस. व्हॅनमधून वजनाची मापं आणली. वीस किलो ठेवले, वीस दाखवले. चाळीस ठेवले, चाळीस. यंत्रात काही बिघाड नव्हता. मापं बाहेर काढली, मी पिशवी घेऊन परत आत गेलो. पुन्हा तोच आकडा.

वजाबाकी मला करावीशी वाटत नव्हती, पण ती होऊन गेली. अठ्ठावन्न. जूनमध्ये डॉक्टरकडे शैलाचं वजन केलं तेव्हा ती कुरकुरत होती, अठ्ठावन्न म्हणजे जास्त झालं म्हणून.

मी पिशवी उचलून लिफ्टच्या बाहेर आलो. यंत्र हातात होतं. आकडा अठ्ठावन्नवर आला. मग साधारण दोन सेकंदांनी शून्य झाला.

कोणीतरी माझ्या मागून बाहेर पडायला तेवढाच वेळ लागतो.

मी लॉगबुकात लिहिलं: लोड सेन्सर तपासला, ठीक आहे. सही केली. अठ्ठावीस वर्षांत मी त्या वहीत खोटं लिहिलं नव्हतं. हेही तसं खोटं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी चित्रा कुंपणापाशी आली. ती बारीक झाली होती. हातात डबा होता. डबा द्यायचा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"श्रीनिवासदादा, मुगाची खिचडी आहे. नको असेल तर राहू दे. माझ्या हातचं…"

"दे की."

तिने डबा कुंपणावर ठेवला आणि दोन पावलं मागे गेली. मग मी तो उचलला. हे असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

"ईशानी माझा फोन घेत नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे तिचं. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणी बोलत नाही माझ्याशी. मी विचार करते, त्या दिवशी चहाला आले नसते तर? मला घरी राहवलं नाही. शैलाताई म्हणाल्या, ये गं, अंगणात बसू, लांब बसू. दादा, माझ्यामुळेच ना?"

तेव्हा मी सांगू शकलो असतो. चित्रा चहाला आली त्या चौदा तारखेला शैलाचा घसा तीन दिवसांपासून खवखवत होता. चित्राने शैलाला काही दिलं नव्हतं. मिळालं असेल तर चित्रालाच शैलाकडून मिळालं. हे हिशेबाने सरळ होतं आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी म्हणालो, "होऊन गेलं ते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

खिचडी चांगली होती. मी सगळी खाल्ली.

ऑक्टोबरात लॉकडाउन उठणार होता. दुकानात, केशकर्तनालयात, सगळीकडे लसीचं प्रमाणपत्र फोनवर दाखवायचं होतं. माझ्या जुन्या फोनवर अ‍ॅपची नवी आवृत्ती चालत नव्हती. ईशानीने मागवलेला नवा फोन आला. पांढरी, चपटी पेटी. मी ती टेबलावर ठेवली आणि अठरा दिवस उघडली नाही.

"बाबा, उघडलास का?"

"रविवारी बघतो."

"मागच्या रविवारीही तेच म्हणालास. अरे, सोपं असतं. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, सगळं आपोआप इकडून तिकडे जातं. मी व्हिडिओवर बसते ना तुझ्या सोबत."

सगळं आपोआप इकडून तिकडे जातं, हेच मला नको होतं. ईशानीला सात ऑगस्टची नोंद दिसली असती. तिने विचारलं असतं, दोन कसे? आणि ते गेलं नाही तर? मग शैलाच्या जाण्या-येण्याची जी एक जागा उरली होती, तीही गेली असती. रोज सकाळी मी दोन्ही बाजूंनी विचार करायचो आणि पेटी तिथेच ठेवून कामाला जायचो. मला तिची सोबत हवी होती असं मी स्वतःला सांगायचो. ते खरं होतं. पण ते पुसलं जावं असंही मला वाटत होतं, आणि ते त्याहून जास्त खरं होतं.

दहा ऑक्टोबरला जुन्या फोनची बॅटरी फुगली आणि काच एका बाजूने उचलली गेली. मी ईशानीला न सांगता पेटी उघडली. नवा फोन विचारतो, जुन्यातून माहिती आणायची का. मी नाही दाबलं. ईमेल नवा काढला. अ‍ॅपमध्ये नव्याने नाव घातलं. लसीचं प्रमाणपत्र आलं. "सोबत कोण" ची यादी कोरी. मागच्या नोंदी शून्य. जुना फोन बंद करून गॅरेजमध्ये पत्र्याच्या डब्यात ठेवला.

ईशानी रागावली. "फोटो? आईचे मेसेज?"

"नंतर करू."

"नंतर म्हणजे कधी? बाबा, तू असा का वागतोस?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लॉकडाउन उठला. सकाळी दहाच्या सुमारास मी विनयभाईच्या दुकानात गेलो. बाहेर रांग होती. लोक मोठ्याने बोलत होते, मुलं पळत होती. मी कोड स्कॅन केला.

एक जण.

मी ते दोनदा वाचलं. माझे पाय हलके झाले. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं. मी मास्कच्या आत मोठा श्वास घेतला.

"श्रीनिवासदादा."

चित्रा रांगेत माझ्या मागे होती. तिने मला बघून न बघितल्यासारखं केलं असावं, आणि मग राहवलं नसावं. तिच्या हातात तिचा फोन होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"दादा, हे काय झालंय बघा ना. मी माझ्या एकटीचंच केलं. इथे दोन येतंय."

तिने फोन माझ्यासमोर धरला. हिरवी खूण. दोन जण. खाली दुसरं नाव होतं.

"मी त्यांचं नाव कधी घातलंच नव्हतं यात," चित्रा म्हणाली. "कशाला घालीन? मी एकटीच जाते सगळीकडे. त्या माझ्यावर रागावल्यात का हो?"

दारातून विनयभाई ओरडला, "अरे अंकल, चित्राजी, अंदर आ जाओ! आज तो सरकार ने भी छोड दिया, आप क्यों बाहर खडे हो?"

रांगेतले लोक हसले.

मला एवढंच म्हणायचं होतं: ती माझ्या सोबत होती. चार शब्द. विनयभाई ऐकत होता, मागे मंडळातले दोघं उभे होते. चित्रा माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "फोन जुना झाला असेल तुझा. बदलून टाक."

तिने मान हलवली. मी आत गेलो. पिशवीत काय घेतलं ते आठवत नाही. घरी येऊन गॅरेजमधला जुना फोन चालू केला. तो चालू व्हायला बराच वेळ लागला. मी यादी उघडली. सात ऑगस्ट नव्हती. काहीच नव्हतं.

चित्राने महिन्याभरात नवा फोन घेतला. मी विचारलं नाही, तिनेच कुंपणावरून सांगितलं. "त्याच्यातही आहे, दादा." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. डिसेंबरात दारावरचे कोड बहुतेक ठिकाणी बंद झाले. मला वाटलं, आता मिटेल.

आता जानेवारी आहे. सीमा उघडली आहे, ईशानी पुढच्या आठवड्यात येणार आहे. ती येताना शेजारच्या घराकडे बघणारही नाही, हे तिने आधीच सांगून ठेवलंय.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चित्राची गाडी दिसते. ती सकाळी साडेनऊला कामाला निघते. मागच्या सोमवारी मी ओट्यापाशी चहा गाळत होतो. ती बाहेर आली, आधी शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत वाकून त्या सीटचा पट्टा ओढला आणि लावला. सीटवर काही नव्हतं, पिशवीसुद्धा नाही. दार हळूच लावून ती आपल्या बाजूला गेली.

मला खिडकीत बघून ती ओशाळली. काच खाली करून म्हणाली, "पट्टा लावला नाही तर गाडीची घंटी वाजत राहते, दादा. गॅरेजवाल्याने दोनदा तपासलं. काही बिघाड नाही म्हणतो."

"असेल काहीतरी," मी म्हणालो.

तिने गाडी मागे घेतली आणि ती रस्त्याला लागली.

आज रविवार आहे. सात ऑगस्टला शैला माझ्या सोबत दुकानात होती, हे मी चित्राला अजून सांगितलेलं नाही.